चादरवाल्याची उरलेली कार्डं

बाबा, आठ दिवस झाले, मी अजून सावरलेले नाही. आईच्या कपाटात एक खाकी पाकीट सापडलं, ते उघडलं आणि मी होते तिथेच फरशीवर बसले. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, दिवाळीनंतर आईही गेली. म्हणजे ज्याला जाब विचारावा असं आता कुणी उरलंच नाही. पण भांडल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? आयुष्यभर मी तुम्हाला चीटर म्हणत आले हो! थट्टेत म्हणत आले, पण मनातूनही तसंच वाटायचं. माझ्या लेकीलासुद्धा हेच सांगितलं, की तुझे आजोबा हात चांगला असलेला पण एक नंबरचा कामचुकार माणूस होता. आता ते शब्द परत कसे घेऊ, कुणाकडून घेऊ?

झालं असं, की मनीमाजऱ्याच्या फ्लॅटवर मी आईचं सामान आवरत होते आणि लेक पलंगावर पडून मोबाईलवर जुनी कार्टून्स बघत होती. आमच्या वेळची, केप लावून उडणाऱ्या वीरांची. मध्येच ती ओरडली, "मम्मा, ये तो सेम है! पिछले वाले में भी ऐसे ही दौड़ रहा था, बस पीछे पहाड़ की जगह बिल्डिंग लगा दी." मी डोकावले. खरंच तोच हात, तोच पाय, तीच वळती मान. गोष्टही तीच. कुणीतरी एक यंत्र चोरतो, वीर सापळ्यात अडकतो, शेवटी सुटतो, सगळे हसतात. मी तिला म्हटलं, हे मला माझ्या बाबांनी मी नऊ वर्षांची असताना दाखवलं होतं. तिला पटेना. "प्रूफ दो, पक्का वाला." म्हणून तुमच्या ट्रेसिंग पेपरची गुंडाळी शोधायला मी आईचं कपाट उघडलं, आणि गुंडाळीच्या ऐवजी ते पाकीट हाती लागलं.

तो दिवस मला लख्ख आठवतो. पंजाबात अतिरेक्यांचे दिवस, कर्फ्यू होता, शाळा बंद, तुमचं ऑफिसही बंद. चंडीगढच्या सेक्टर वीसमधल्या आपल्या क्वार्टरमध्ये वरच्या मजल्यावरच्या आंटींचा व्हीसीआर आणला होता, कारण त्यांच्याकडे पाहुणे भरले होते आणि त्यांना शांतता हवी होती. एक कॅसेट, त्यात चार भाग. मी सकाळपासून तीच लावून बसलेय. आई स्वयंपाकघरातून करवादतेय, "काय मेलं तेच तेच बघतेस!" आणि तुम्ही दाढी करता करता म्हणता, "अगं, ती तेच बघत नाहीये. ते लोकच तेच दाखवतायत." मी म्हटलं, काहीही! मग तुम्ही तोंडाचा फेस पुसता, कॅसेट थांबवता, आणि थरथरणाऱ्या चित्रावर ट्रेसिंग पेपर धरता. टीव्हीच्या काचेला कागद आपोआप चिकटतो. पेन्सिलीनं पळणारा माणूस छापून घेता. कॅसेट पुढे, दुसरा भाग, दुसरं शहर, दुसरा खलनायक. थांबवता. तोच कागद लावता. बाबा, केसाएवढाही फरक नव्हता. तिसऱ्या भागात कागद उलटा करून लावलात. वीर डावीकडे पळत होता आणि त्याच्या केसांचा भांगसुद्धा दुसऱ्या बाजूला गेला होता.

मी भोकाड पसरलं. मला वाटलं होतं तो दर रविवारी नव्यानं धावतो, आपल्यासाठी. तुम्ही गोंधळलात. तुम्ही ड्राफ्ट्समन, आयुष्य कालव्यांचे आणि पुलांचे नकाशे काढण्यात गेलेलं, तुम्हाला यात रडण्यासारखं काही दिसेना. म्हणालात, "अगं वेडे, चोरी नाही ती. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, माणसं मोजकी, वेळ त्याहून कमी. मग एक पळणं जीव ओतून काढायचं आणि दहा ठिकाणी वापरायचं. आम्हीही एका पुलाचा खांब दुसऱ्या नकाशावर उतरवतोच की." मी म्हटलं, मला नको तुमचे खांब. तेव्हा तुम्ही वचन दिलंत, की आपण आपला वीर काढू आणि त्याचं प्रत्येक चित्र नवं असेल. आईच्या दोरीवरची सोलापुरी चादर खांद्याला बांधून उडणारा चादरवाला त्या दुपारी जन्मला. आईनं बजावलं, "माझ्या चादरीला भोक पाडलंत तर बघा."

पंधरा दिवसांनी तुम्ही टूरवर निघालात. अंबाल्याला, कालव्याचं काम, अठरा दिवस. अंबाला म्हणजे हरियाणात, घाबरण्यासारखं काही नाही, हे तुम्ही आईला तीनदा सांगितलंत. त्या दिवसांत कुणाचाही माणूस अमृतसरच्या बाजूला जाणार म्हटलं की त्या घरात आवाज खाली यायचे. संध्याकाळी सहानंतर त्या रस्त्यांवर बस धावत नसे. रोज एक कार्ड टाकीन म्हणालात, वर आईला दोन ओळी, खाली माझ्यासाठी चादरवाला, क्रमशः. आणि खरंच रोज दुपारी पोस्टमन यायचा. मी दारात उभी. वर "मी मजेत, जेवण बरं आहे", खाली चादरवाला विहिरीतून म्हैस काढतोय, चादरवाला गच्चीवर अडकलेल्या आंटींना उतरवतोय. अकराव्या कार्डावर तो कोसळत्या पुलाला एका हातानं लोंबकळत होता आणि चादर टर्रकन फाटत होती.

त्याच दुपारी मी तुम्हाला पकडलं. पुलाला लोंबकळणारा चादरवाला मला ओळखीचा वाटला. मी ट्रेसिंग पेपर घेतला, तिसऱ्या कार्डावरच्या, झाडाला लोंबकळणाऱ्या चादरवाल्यावर ठेवून तो गिरवला, मग उलटा करून अकराव्यावर. तंतोतंत! सातवं आणि नववं तपासलं, तेच. मी नाचत स्वयंपाकघरात गेले, "आई, बाबांनी चोरी केली! वचन मोडलं!" आई आधी हसली. पिठाचे हात पुसून कार्डं हातात घेतली, वरच्या ओळी पुन्हा वाचल्या, आणि तिचं हसू गेलं. नवव्या कार्डावर लिहिलं होतं, "आज बस वेळेवर मिळाली." त्या दिवशी बंद होता. चिटपाखरू बाहेर नव्हतं, बसचं तर नावच नको. मग तिनं मला शिक्का वाचायला लावला. पुसट होता, मी तुमचं भिंग लावून अक्षरं जुळवली. चंडीगढ.

आईनं गॅस बंद केला, साडी बदलली आणि मला घेऊन सायकलरिक्षानं थेट तुमच्या ऑफिसात. तुमच्या शेजारच्या टेबलावरचे सरदारजी अंकल तिला बघूनच उभे राहिले. आईचं हिंदी यथातथाच, पण त्या दिवशी अडखळलं नाही. "कार्ड आप डालते हो ना? वो कहाँ है?" अंकल पगडीला हात लावून खाली बघत राहिले. "भाभीजी, अमृतसर के आगे, तरनतारन साइड. बॉर्डर के पास नहर के रेगुलेटर का सर्वे है. उसने कसम दी थी मुझे." त्यांनी खणातून सात कार्डं काढून दिली. त्या खणात अजून एक जाडजूड खाकी पाकीट होतं, त्यावर आईचं नाव. आईनं हात पुढे केला. अंकल म्हणाले, "ये वाला नहीं जी. ये वाला तब के लिए है." आई म्हणाली, "दो." आईनं हात मागे घेतला नाही. मग अंकलनी ते दिलं आणि खुर्चीत बसून चष्मा पुसायला लागले. आई खिडकीशी जाऊन पाकिटातली एक चिठ्ठी वाचत होती, माझ्याकडे पाठ करून. रिक्षात मी विचारलं, काय आहे त्यात? म्हणाली, "ऑफिसचे फॉर्म."

ती सात कार्डं आईनं मला बघूही दिली नाहीत, आणि त्यानंतर एकही कार्ड आलं नाही. आई रेडिओवरची प्रत्येक बातमी ऐकायची, भाजी चिरताना, कपडे भिजवताना, आणि मारल्या गेलेल्यांचा आकडा सांगायला लागले की मला पाणी आणायला पाठवायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त चादरवाला पुलावर टांगलेला दिसत होता. अठराव्या दिवशी तुम्ही आलात, पायांवर धूळ, ओठ फुटलेले. आईनं तुमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि इतकंच म्हणाली, "मेल्यावरही थापा मारणार होतात?" मग आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. मी तुम्हाला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. पुढे काय झालं सांगा, म्हटलं. तुम्ही पेन उचललंत, बंद दाराकडे बघितलंत आणि ठेवून दिलंत. "संपला गं चादरवाला." मी ओरडले, "तुम्ही चोर आहात! एकच चित्र चार वेळा खपवता, आळशी कुठले!" तुम्ही नुसती मान हलवलीत, जणू मी वेळ सांगितली. तेव्हापासून तुम्ही माझ्यासाठी कधी चित्र काढलं नाहीत, आणि मी कधी मागितलं नाही. मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात, साध्या आजारपणात, सगळ्यांच्या देखत, तेव्हासुद्धा तो विषय तसाच राहिला.

आणि आता हे पाकीट. त्यात सत्तरहून जास्त कार्डं आहेत, बाबा! सगळ्यांवर माझं नाव, पत्ता, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक. चादरवाला समुद्रावर, चादरवाला बर्फात, चादरवाला माझ्या शाळेच्या फाटकाशी. तेच लोंबकळणं, तेच उडणं, तीच मान, सरळ आणि उलटी. पहिल्या वीसेक कार्डांत रेघ ठाम आहे. पुढे पुढे हात घाईला आलेला दिसतो, मागचे डोंगर नुसत्या एका रेघेचे, मग डोंगरच नाहीत. सोबत ती चिठ्ठी. मी ती इतक्यांदा वाचलीय की पाठ झालीय. "मी परत आलो नाही तर तिला एकदम सांगू नकोस. बाबा टूरवर आहेत म्हण. रोज एक कार्ड पेटीत टाकत जा. शिक्का हवाच, नाहीतर ती ओळखेल. संपेपर्यंत थोडी सवय होईल. चित्रं पुन्हा पुन्हा आली आहेत, वेळ फार कमी मिळाला. तिच्या लक्षात येईल. आलं तर रागावू नकोस तिला."

पंधरा दिवस, बाबा. वचन दिलंत तेव्हापासून निघालात तोवर पंधरा दिवस होते, आणि दिवसा तुम्ही ऑफिसचे नकाशे काढत होतात. जवळजवळ नव्वद कार्डं! टूर कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. मेजावर वाकून तुम्ही स्वतःच्या मरणानंतरचे अडीच महिने भरून काढत होतात, आणि मी ट्रेसिंग पेपर घेऊन तुमची चोरी पकडत होते. अहो, एवढं भ्याला होतात तर जायचं कशाला? नाही म्हणायला काय झालं होतं? आणि आईनं तरी मला का सांगितलं नाही? ती मला तुम्हाला आळशी म्हणू देत राहिली. मी तसं म्हणाले की तिचा चेहरा कसा व्हायचा ते आता आठवतं. तेव्हा मला वाटायचं, तिलाही पटतंय.

लेकीला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. ती दोनदा विचारून गेली, "प्रूफ मिला?" हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय उठवत नाही, आईलाही कधी सांगितली नव्हती. कार्डं बंद झाली त्या आठवड्यात आई बातम्या ऐकत असताना मी रोज देवासमोर उभी राहायचे. हात जोडायचे, डोळे घट्ट मिटायचे आणि मनापासून मागायचे, बाबांना इतक्यात परत आणू नकोस, म्हणजे कार्डं पुन्हा यायला लागतील.