शंभर टक्क्यांतून वजा

१६ नोव्हेंबर, रविवार

आणि परत मलाच म्हणते, "लखन, तू समजूतदार आहेस!" समजूतदार म्हणजे काय, तर गप सही करणारा. सहा वर्षांपूर्वी पण हेच म्हणाली होती ही बाई. शब्दसुद्धा बदलला नाही.

छायाबेन. आधी माझ्या शाळेच्या मोठ्या बाई, आता दिपालीच्या. पालकांना रविवारी बोलावलं, मिलवाल्यांना तेवढाच दिवस म्हणून. आबा-माय गावी, दोंडाईच्याकडे. म्हणून बहिणीचा पालक मी! पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलवरून दोन रिक्षा बदलून गेलो. शर्ट धुतलेला होता, पण नखांतला निळा रंग काही जात नाही. हात टेबलाखाली ठेवले.

शाळा तशीच. खाली हिंदीवाले, मधे ओडियावाले, वरच्या मजल्यावर आपण मराठी. भिंतीवर तोच तक्ता — कोणत्या साली किती मुलं, किती मुली, किती बसले, किती पास. दहावीत यंदा पटावर एकोणतीस. दिवाळीला गावी गेले ते सगळेच काही परतले नाहीत. दोन मुलींची लग्नं, चार पोरं एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर. उरले तेवीस. त्यातले पाच कच्चे, आणि पाचांत आमची दिपाली. सहामाहीला गणितात अकरा, विज्ञानात चौदा.

छायाबेन म्हणे, "दोन वर्षं निकाल पडलाय. यंदा पडला तर मराठीचा वर्ग बंद करतील, असं वरून सांगितलंय. खाली नववीत चौतीस पोरं आहेत, लखन. त्यांनी कुठं जायचं?"

आणि कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलेलं — माझ्या पाल्याला यंदा परीक्षेला बसवत नाही, राजीखुशीने. पाचापैकी तिघांच्या सह्या आधीच झालेल्या.

फोन आला म्हणून उठलो. फोन आलाच नव्हता. जिना उतरून पळालो. फाटकावर बोर्ड आहे — निकाल १०० टक्के. माझ्या सालचा. रंग उडालाय, पण शंभर अजून वाचता येतं.

१७ नोव्हेंबर

सही केली नाही. नाही पण म्हणालो नाही. फॉर्मची शेवटची तारीख पाच डिसेंबर, तीही दंड भरून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिपाली जिच्याकडे राहते त्या मावशीनं गावी सांगून टाकलं! आबांचा फोन आला, मी मशीनवर कापड चढवत होतो.

"तुले काढं, तिलेबी काढतीन. त्या शायानं नाव नको लेऊ माझ्यापुढे. तिले आठे लई ये."

मी म्हणालो, शाळेनं अजून काढलं नाही, लगेच गावी कशाला आणायचं, आबा.

"मंग काय काढानी वाट देखस?"

शिरपूरकडचा एक मुलगा बघून ठेवलाय म्हणे. घरचा ट्रॅक्टर आहे. दिपाली सोळा वर्षांची! फॉर्म भरला गेला नाही तर हिला इथं ठेवायला कारणच उरत नाही. ट्रॅक्टरवाल्याला तर लग्नाची तारीखच पाहिजे.

 जेवलोच नाही.

आबांचा राग खरा आहे. शाळेनं लखनला काढून टाकलं हे सगळ्या गावाला माहीत. छायाबेनचं नाव घेऊन आबा पारावर शिव्या देतात. इथं एक गोष्ट लिहायला हवी. पण आज नको.

२३ नोव्हेंबर, रविवार

गोडादऱ्याला गेलो, सरलामावशीकडे.  आधी मी पण तिथंच राहून शिकायचो. दिपाली शिलाई मशीनच्या फळीवर वही ठेवून गणितं करत बसलेली.

"दादा, पाय हलवू नको रे, आकडे हलतात."

मावशी आतून ओरडली, "त्याना पायले भिंगरी शे! पाच नोकऱ्या त्याच पायांनी सोडल्या."

हसलो. दिपालीनं मग पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मला बसू दे ना. नापास झाले तर होऊ दे. पण न बसताच नापास — हे काय?"

मी तिची वही उलटून बघत राहिलो.

"तुला काढलं तेव्हा तू भांडला नाहीस का रे छायाबेनशी?"

पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती.

२६ नोव्हेंबर

लिहितो. मला कोणी काढलं नाही.

तेव्हाही असाच कागद होता. छायाबेन म्हणाल्या, घरी दाखव, वडिलांची सही आण. मी घरी दाखवलाच नाही. शाळेच्या मागच्या जिन्यात बसून झोकात सही ठोकली — आबांचं नाव, भिकन, आणि खाली मोठी रेघ. कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात ओळख निघाली होती. मोबाइल पाहिजे होता. आणि गणिताच्या पेपरची भीती वाटत होती. घरी सांगितलं, शाळेनं काढलं. आबा रडले होते. मी बघितलं होतं.

त्या रविवारी तक्त्यावर माझं साल वाचलं. पटावर एकवीस, बसले चौदा, पास चौदा. एकवीसातून सात वजा केले की शंभर टक्के होतात. हे गणित बरं आलं मला!

आणि आता आबा दिपालीला नेतायत ते शाळेमुळे नाही. माझ्यामुळे.

१ डिसेंबर, सोमवार

अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून शाळेत गेलो. म्हणालो, सही करणार नाही, फॉर्म भरा. 

छायाबेननं कपाटातून जुनी फाईल काढली. दोन कागद शेजारी ठेवले. एक माझ्या प्रवेशाचा — त्यावर आबांचा अंगठा. दुसरा सहा वर्षांपूर्वीचा — त्यावर सही.

"अंगठा लावणारा माणूस इतकी सुंदर सही कधी शिकला, लखन?"

 मी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

त्यांनी चष्मा काढला. "कळलं होतं. मला ते चौदाच पाहिजे होते."

 खालून ओडियावाल्यांचे पाढे ऐकू येत होते. शेवटी म्हणाल्या, "या वेळी तुझी सही घेणारच नाही मी. वडिलांना आण. कुठल्याही कागदावर लावोत, अंगठा त्यांचा पाहिजे. पाच तारखेपर्यंत."

म्हणजे आबा त्या टेबलाशी येणार. ती फाईल तिथंच आहे.

२ डिसेंबर

पळून जावं का? वापीला काम आहे म्हणे.

३ डिसेंबर, बुधवार

सांगितलं.

बॉयलरच्या मागं उभा राहून फोन लावला. धुडकू शेजारी. रूमवर माझ्या बाजूला झोपतो, त्याला सगळं माहीत. म्हणाला, "तू बोल, नाहीतर मी बोलतो." बोललो. सही, जिना, कतारगाम, सगळं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.  मग फोन कट.

दुपारी मायचा फोन. "तुन्हा आबा कपडा बदलीसन निंघी ग्यात. काही बोलनात नही."

कुठं? दिपालीला न्यायला? मला मारायला? मार परवडला. मावशीला सांगितलं, दार लावून घे.

४ डिसेंबर

आबांचा फोन बंद. मावशीकडे पोचले नाहीत. रात्रीच्या गाडीनं यायला हवे होते. दिपाली मात्र शाळेत गेली, कोणाचं ऐकेना. माझ्या हातून कापडाचा एक लॉट डागाळला, मास्टर ओरडला — मला ऐकूच आलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आबा काल उशिराच्या गाडीनं उतरले, रात्र स्टेशनवर काढली, सकाळी सरळ शाळेत गेले. छायाबेनकडून ते दोन्ही जुने कागद वाचून घेतले. मग दिपालीच्या फॉर्मवर अंगठा लावला.

दुपारी मिलच्या फाटकावर आले. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. "सहा वरीस त्या बाईले शिव्या द्यात. फुकट." खिशातून घडी काढून माझ्या हातात दिली. दहावीचा फॉर्म, शाळेतूनच मागून आणलेला. बाहेरून बसणाऱ्याचा. माझा. बावीस वर्षांच्या माणसाला पालकाचा अंगठा लागत नाही, तरी खाली लावलाय.

"सही तू कर. आते सोतानी."

बाहेरून बसणाऱ्याला शाळेच्या निकालात धरत नाहीत. म्हणजे छायाबेनना माझी भीती नाही. मलाच आहे. या वेळी नापास झालो तर कोणाचं नाव सांगू?

छायाबेनच्या फोनवर दोघांची फी पाठवतोय, उशिराचा दंड धरून — बाराशे पंधरा रुपये.