रुखसारच्या लग्नात मामाला खुर्ची नको

ब्रह्मपुरी, मंगळवार

रहमतबी आपास धाकट्या शफीचा सलाम.

तुझी शुगर आणि दुल्हाभाईंचा राग, दोन्ही आटोक्यात असोत अशी दुआ करतो. (उर्दूत लिहिलं की तू चुका काढतेस, फोनवर मध्येच रागावतेस. म्हणून आपल्या शाळेच्या मराठीत हे पत्र.) सांगायचं एकच. रुखसारच्या लग्नात माझ्यासाठी खुर्ची ठेवायची नाही. मामा सतरंजीवर पाहुण्यांसोबत जेवेल आणि कुणाचा हात न धरता उठेल. ठणकावून सांगतो.

अम्मीने आपल्या दोघांना तिचे फेंगडे पाय दिले. मी तीस वर्षं पायजमा आतून अर्धा इंच सैल कापून सारं गाव फसवलं, पण या पावसाळ्यात उजवा गुडघा आतल्या बाजूने असा ठणकू लागला की शिलाई मशीनवरून उठताना अम्मीच आठवायची. दवाखान्यात फोटो काढला, झीज निघाली. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या स्वातीबाईंनी माझी मांडी चिमटीत धरून विचारलं, "शफीभाऊ, इथचं मास कुठी गेलं?" मी छाती काढून म्हणालो, "बाई, तीस वर्सांपासून पायमशीन चालवून राह्यलो. मांडी लोखंड हाये." तर म्हणतात, "मशीन घोट्यानं चालते, मांडी नुसती बसून राह्यते. हाड वाकडं ते वाकडंच राहीन, पन गुडघ्याले सांभाळनं मांडीचं काम हाये. तिले कामाले लावा." इतका अपमान तर मी उलट्या खिशाची सफारी शिवली तेव्हाही झाला नव्हता.

तेव्हापासून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळतो, दहा मोजतो, मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलतो. दुकानातसुद्धा. (शेजारचा पानठेल्यावाला मुखरूभाऊ मला कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवा, पाय वर, असा पाहून पाणी घेऊन धावत आला होता.) मी टेलर माणूस, रोज टेप लावतो. पहिल्या दिवशी स्वातीबाईंनी मोजली तेव्हा मांडी सतरा इंच होती. पंधरा दिवसांत साडेअठरा! अशा मांडीला खुर्ची शोभते का, तूच सांग.

तुझा भाऊ,
शफी

ता. क. पाकीट बंद केलं होतं. स्वातीबाईंना साडेअठरा ऐकवून आलो आणि परत उघडलं. त्यांनी मला समोर बसवून मोजायला लावलं आणि हसत सुटल्या. गिऱ्हाइकाला पॅन्ट काचू नये म्हणून मी टेपखाली दोन बोटं सरकवतो. तीस वर्षांची सवय, स्वतःच्या मांडीवरही बोटं गेलीच. ती काढल्यावर सतराच भरले. ("पंधरा दिवसांत मास नाई वाढत, भाऊ. दुखनं कमी हाये ना? मंग टेप ठेवून द्या," म्हणाल्या. दुखणं खरंच कमी आहे, आपा. ते बोटं घालून सांगत नाही.)

आणखी एक ता. क. काल सतरंजीवर बसून पाहिलं. बसलो झकास. उठवायला मुखरूभाऊ लागला. तेव्हा खुर्ची ठेव. एक नको, दोन ठेव, शेजारी शेजारी. ईदला तू कठडा धरून एकेक पायरी उतरत होतीस, ते मी पाहिलं. विचारलं असतं तर उडवून लावलं असतंस, म्हणून विचारलं नाही, पण घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. तुझा टॉवेल मी घेऊन येतो, व्यायाम सोबत करू. लग्नात कुणी विचारलं तर मी सांगेन, बहिणीला एकटं वाटू नये म्हणून बसलो. तूही माझ्याबद्दल तेच सांग.