गुलाबी का जांभळं

प्रिय द्वारके,

पाकिटावर तुझं नाव मोठ्या अक्षरांत टाकलंय, म्हणजे सुनेनं न्हाई, तूच फोडायचं. चष्मा लाव, दार लोटून घे, मंग पुढं वाच. तू म्हणशील या तुळजीला आता पत्राचं काय सुचलं. काय करू बाई, फोनवर तू येत न्हाईस. पित्राच्या दिवशी तू फोन कट केलास, तवापासून मी लावते अन् तुझी सून म्हणते, आत्या झोपल्यात, आत्या मंदिरात गेल्यात. एवढी झोप अन् एवढी भक्ती तुला कधीच न्हव्हती. अन् आली असतीस तरी काय, दोघींना कमी ऐकू येतं म्हणून तुझ्या घरी बी फोन स्पीकरवर अन् माझ्या घरी बी स्पीकरवर. त्या दिवशी तुझ्या घरी कोणी न्हव्हतं अन् मी गोठ्यामागं जाऊन उभी राह्यले होते, म्हणून तेवढं तरी बोलणं झालं. कडूबा मास्तरांनी साक्षरतेच्या वर्गात आपल्याला अक्षरं शिकवली. ती अशा कामाला येणार हे त्यांना कळलं असतं तर हातातली पाटी हिसकून घेतली असती.

इकडं सगळं बराबर आहे. काळ्या गाईला आषाढात कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. अंगदनं दुसरं शेडनेट टाकलं, त्यात बियाण्याच्या मिरचीचं क्रॉसिंग चालू आहे. तो अन् सून वंदना सकाळीच जातात ते दिवस कलल्यावर येतात. दिवसभर घरात मी अन् कालवड. तू लेकाकडं, तुझ्या कल्याणकडं, मंठ्याला राहायला गेलीस तवापासून ओट्यावर बसावंच वाटत न्हाई. बायका येतात, पण त्या गुडघ्याचं बोलतात, सुनांचं बोलतात अन् उठून जातात. तुझ्यासारखं मधीच भलतं काहीतरी कोणी बोलत न्हाई. तू बोलली न्हाईस तर माझे पुढचे दिवस असेच मुके जातील, हे आधीच सांगून ठेवते. मंग पुढचं वाचून तुला काय वाटायचं ते वाटू दे.

फोनवर मी अर्धवट सांगितलं, ते आता पहिल्यापासून सांगते. मागच्या दिवाळीच्या आधी मला लघवीला लई जळजळ व्हायची. अर्पिता सुट्टीवर आल्ती. माझी नात आता संभाजीनगरला दवाखान्यात नर्स आहे, स्कुटीवर फिरते, नवऱ्याला मागं बसवते. तिनं मला जालन्याला एका डॉक्टरीणबाईकडं नेलं. पोरगीच म्हण, वेणी घातलेली. तिनं तपासलं, मलम दिलं, अन् विचारलं, मालक होते तवा सुख होतं का. मी म्हणलं, लई सुख. कधी हात उचलला न्हाई, पोटाला कमी पडू दिलं न्हाई, मी आजारी पडले तर त्यांनी सोता भाकरी थापली. ती हसली न्हाई. म्हणली, आजी, मी ते न्हाई विचारलं.

मंग तिनं कागदावर चित्र काढून सांगितलं. बाईच्या अंगात एक जागा आहे, वरून हरभऱ्याच्या दाण्याएवढी दिसते, बाकीची आत पसरलेली. लेकरू होण्याशी तिचा संबंध न्हाई, लघवीशी न्हाई, कशाशीच न्हाई. तिला फक्त सुखाचं काम. मी म्हणलं, बाई, असं बिनकामाचं बी काही देवानं आपल्याला दिलंय का? तवा ती हसली.

द्वारके, गाडीत बसल्यावर मला सारखं आपलं कपाशीचं क्रॉसिंग आठवू लागलं. सांजच्याला नखानं कळी सोलायची, आतला नर काढून टाकायचा, मादीला धक्का लागू द्यायचा न्हाई. सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर हळूच फिरवायचं, देठाला दोरा बांधायचा. जरा नख लागलं की बोंड गळून पडायचं अन् मुकादम वरडायचा. सगळ्या वावरात बायामाणसं नर-मादी, नर-मादी करायचे, कोणाला लाज न्हव्हती. फुलाचं सगळं आपल्याला पाठ. अन् सोताचं म्हणशील तर नाव बी ठाऊक न्हाई. आरशात पाह्यलं असतं तर दिसलं असतं. पण आरसा कुंकू लावायला असतो असंच आपण धरून चाललो.

दिवाळीला अर्पिता आली ती एक डब्बी घेऊन. म्हणली, आजी, डॉक्टरीणबाईला विचारून आणलंय, या वयात बिलकुल काही होत न्हाई, हे तुझं. अन् तोंड भिंतीकडं करून तिनं आतला कागद मला वाचून दाखवला. नर्स असली तरी माझीच नात, कान लाल झाले होते तिचे. मी बी दुसऱ्या भिंतीकडं पाहून ऐकत होते. दोघी अशा बसलो होतो की कोणी पाह्यलं असतं तर म्हणलं असतं, भांडण झालं.

ते होतं गुलाबी. मुठीत मावणारं, पुढं बारीक तोंड. ते त्या दाण्याला घासत न्हाई, त्या तोंडातून हवा आत-बाहेर करतं. मला पहिल्यांदा वाटलं हे काय, लबाडीच आहे. पण तुला सांगू का, आपण जन्मभर चुलीला फुंकणी लावली. एकदम जोरात फुंकलं की राख उडते अन् डोळ्यात जाते. आधी हळू, निखारा दिसला की जरा जोरात, मंग आपोआप जाळ धरतो. हे बी तसंच काम आहे. पण गुलाबीला हळू माहितीच न्हाई. सुरुवातच जोरात, नवी नवरी चुलीपुढं बसावी तशी. बटण एकच. दाबत गेलं की जोर वाढतो, अन् कमी करायचा तर पार शेवटापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यावर यावं लागतं. तवर बाईचा जीव अन् मन दोन्ही उठून उभं राहतं. तोंडाची कड टणक. पाण्यानं धुता येत न्हाई, फडक्यानं पुसायचं. अन् आवाज असा की बॅटरीच्या फवारणी पंपाची आठवण यावी.

पंपाचंच झालं बघ. एका दुपारी वंदना पाण्याचा जार न्यायला मधीच घरी आली अन् बाहेरूनच विचारलं, आत्या, पंप चालू राह्यला का? माझ्या हातात ते, अंगावर गोधडी. मी म्हणलं, गुडघ्याचं मशीन आहे, अर्पितानं दिलं. तोंडातून गेलं ते गेलं. वंदना लई भोळी, तिनं बचत गटात सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुंजारामची आई लंगडत आली, म्हणली, आक्का, जरा माझ्या बी गुडघ्याला लाव. न्हाई कशी म्हणू? तीन पिढ्यांचा शेजार. मी ते चांगलं तीन-चारदा पुसलं, दवाखान्यातला कापूस लावून पुसलं, अन् लावलं तिच्या गुडघ्याला. ती डोळे मिटून म्हणली, उष्णता ओढून घेतंय गं. मंग तिची जाऊ आली, मंग दळणवाल्याची सासू. आता गुलाबी गल्लीचं झालं, द्वारके. आज या घरी, उद्या त्या घरी. दळणवाल्याची सासू तर म्हणते तिला पायऱ्या चढता येऊ लागल्या. मला परत मागायचं तोंड न्हाई, अन् परत आलं तरी मी ते आता काय करू?

हे मी तुला फोनवर सांगितलं तवा तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. तो ठसका ऐकून मला इतकं बरं वाटलं. मला वाटलं आली माझी द्वारकी.

अर्पिताला सांगितलं तर ती बी हसली, अन् श्रावणात तिनं दुसरं आणलं, ते जांभळं. हे बराबर आहे. लांब दांडी, भाजीच्या पळीसारखी, जरा वाकलेली. आपल्यासारख्या पोट सुटलेल्या बायांना हात पुरतो, मान वाकवावी लागत न्हाई. बटणं दोन, एक वाढवायचं, एक कमी करायचं. तुझे अंगठे क्रॉसिंगनं वाकडे झालेत, तुला बारीक बटण दाबता यायचं न्हाई, म्हणून मी मुद्दाम पाह्यलं. याची बटणं मोठी आहेत, बोटाच्या पेरानं बी दाबतात. तोंड मऊ रबराचं अन् रुंद, नळाखाली धुता येतं. हातात नुसतं धरलं तर घुरघुरतं, पण जागेवर बसलं की गप होतं. कालवड बाजूलाच बांधलेली असते, तिनं कधी कान टवकारला न्हाई. खोड एकच, चार्जिंगची पिन न्हाई, लोहचुंबकानं वायर चिकटते, अन् जरा धक्का लागला की निसटते. मंग आपल्याला वाटतं चार्ज होतंय अन् होत काहीच न्हाई. ते ध्यानात ठेवावं लागतं. पण पहिल्या बटणावर ते असं हळू येतं की काही चालू झालंय का हेच कळत न्हाई. तिथंच त्याचं मोल आहे. गुलाबीनं मला दचकवलं, जांभळ्यानं वाट पाह्यली.

मंग एका दुपारी झालं. आता ते कसं ते मी लिहिणार न्हाई, मास्तरांनी तेवढी अक्षरं शिकवली न्हाईत. एवढंच सांगते की मी तोंडावर हात ठेवून हसत सुटले. एकटीच. घरात कोणी न्हाई, तरी हात ठेवला. अडुसष्टाव्या वर्षी अंगात अशी गोष्ट निघते म्हणजे काय? घरातच हंडा पुरलेला अन् आपण जन्मभर त्याच्यावर पाट मांडून जेवलो. मला पळत तुझ्याकडं यावं वाटलं. पण तुझ्या घराला कुलूप, तू मंठ्याला. मी कालवडीला जाऊन सांगितलं. खरंच सांगितलं.

अन् हेच मी तुला पित्राच्या दिवशी सांगायला लागले, तवा तुझं हसू थांबलं. मंग म्हणलीस, "आता कळून काय करू, तुळजे?" अन् कट. मला वाटलं तुला लाज वाटली, माझा राग आला. लई दिवस मी तसंच धरून बसले. पण तुझा आवाज लाजेचा न्हव्हता. मी तुला कपाशीच्या वावरात, बाळंतपणात अन् दाजी गेले तवा रडताना ऐकलंय. मला तुझे सगळे आवाज ठाऊक आहेत.

म्हणून आता खरं लिहिते, द्वारके. त्या दिवशी मी तुला मशीनचं सांगायला फोन केलाच न्हव्हता. मशीनचं आधी सांगितलं, कारण मला कोणतीही गोष्ट हसण्यापासूनच सुरू करता येते. त्या श्रावणातल्या दुपारी मी हसले, अन् घटकाभरानं तुरीची डाळ निवडता निवडता मला रडू आलं ते थांबेना. मालकांचा असा राग आला, असा राग आला की बास. एवढा संसार केला, अन् या माणसानं एकदा बी विचारलं न्हाई, तुला कसं वाटतं. तो राग मी पित्रापर्यंत पोटात ठेवला. पित्राच्या ताटात खीर केली, वडे केले, कढी केली, अन् त्यांच्या आवडीची गवारीची भाजी मुद्दाम केली न्हाई. घरात कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. पत्र्यावर पान ठेवलं अन् कावळा लगेच शिवला. बाकीच्यांच्या पत्र्याखाली बायका वाट बघत उभ्या, अन् माझा कावळा आला, खाऊन गेला. म्हणजे मी रुसले हे त्यांना कळलंच न्हाई. जितेपणी बी कळायचं न्हाई. मी तिथंच पत्र्याखाली उभी राह्यले अन् मला इतकी दया आली त्यांची. त्यांना तरी कोणी काय सांगितलं होतं? मंग मी गोठ्यामागं गेले अन् तुला फोन लावला. मला रडायचं होतं, अन् तुझ्याशिवाय कोणापुढं रडू? तू पहिल्या अर्ध्यावरच कट केलास. तुला हवं तर अर्पिताकडून जांभळं मागवीन, घे न्हाईतर नको घेऊस. कळलं की राग येतो, अन् त्या रागात माणूस लई एकटं पडतं, एवढं मी पाहून आले, म्हणून तुला नको म्हणायचा हक्क आहे. पण सोमवारी मी फोन लावीन तवा ये. स्पीकरवर राहू दे, सून बसलेली राहू दे. मी कालवडीचं सांगत बसेन, तू नुसतं हं म्हण. त्या हंवरून मला कळंल तू रडलीस का न्हाई.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
तुळजी
टेंभुर्णी