बादलीवरचं नाव

मोहने, मंगळवार

प्रिय कृतिका,

तुझा मेसेज मिळाला. होस्टेलच्या नळावर तुझी बादली अजून कुणी पळवली नाही हे वाचून बरं वाटलं. लाल नेलपॉलिशने घातलेलं नाव लांबूनही दिसतं म्हणतेस. दिसणारच, दोन हात दिलेत मी त्याला. पण त्याच मेसेजात तू विचारलंस, आत्या, तू गाडीत का नाही बसलीस आणि गेटवर डोळे का पुसत होतीस. फोनवर मी धूळ गेली म्हटलं. धूळबिळ काही नव्हती गं. बोलायला गेले असते तर अर्ध्यात रडू आलं असतं आणि तूच मला समजावत बसली असतीस. म्हणून कागद घेतला. दिवाळीच्या आत हे तुझ्या कानावर पडायला हवं.

त्या रविवारी तुझ्या आईचा फोन आलेला. म्हणाली, वन्सं, कृतिका शनिवारी दापोलीला चाललीय, आठवडाभर या, तुमच्या हातचं सगळं हवंय तिला. गेली चार वर्षं भाऊबीज सोडली तर बाळकुमला मला कुणी बोलावलेलं नाही. मी इतकी हरखले की गॅसवरची डाळ तशीच ठेवून पिशवी भरायला बसले. शेजारची संचिता हसत होती. म्हणे, माहेरचं बोलावणं आलं की साठीची बाई सोळाची होते. झालेलेच मी सोळाची.

आणि काय तो आठवडा! सोमवारी मसाला भाजला तर रतन खोकत खोकत बाहेर पळाला, अगं ताय, पोरगी चाललीय शिकायला, तू आम्हाला कुठे घालवतेस! लहानपणी काखेत घेऊन फिरवलेला भाऊ असा हसला की मी सगळं विसरते. मंगळवारी जवळ्याची चटणी, लाडू, तुझ्या गादीची खोळ. बुधवारी रात्री जेवताना तो म्हणाला, शेतं गेली, टॉवर आले आणि आमची पोरगी शेतीचं कॉलेज करतेय. सगळे हसले, मीसुद्धा. तू तेवढी हसली नाहीस. खाडीकडचं धाकूआजोबांचं खाचर आहे ना अजून, तिथे मी भात लावून दाखवीन, असं म्हणालीस. रतन आणि तुझ्या आईने, दर्शनाने, एकमेकांकडे बघितलं ते मी पाहिलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

मी आपली तुझी नावं घालण्यात गुंग होते. बादलीवर, मगावर, चादरीच्या कोपऱ्यात दोऱ्याने. तुझी आई म्हणाली, वन्सं, नक्षी छान काढताय. तिला ती नक्षी वाटली! मला लिहितावाचता येतं हे त्या घरात तुझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. पहिलीच्या मे महिन्यात तू माझ्याकडे राहिलेलीस, आठवतं? तुझे आतोबा कंपनीत पाळीला गेले की तू खडूने माझ्या लादीवर अक्षरं काढायचीस, आणि चुकलं की मला पट्टीने मारायचीस. तू गेल्यावर ती लादी मी आठ दिवस पुसली नाही. मग वाण्याच्या पुड्यांचे कागद, देवळातल्या पाट्या, असं करत करत पुढचं माझं मी शिकले. कुणाला सांगितलं नाही, लोक हसतील म्हणून.

गुरुवारी तू चपला आणायला गेलेलीस तेव्हा रतन म्हणाला, ताय, चल, दोन मिनिटांचं काम आहे, बाच्या नावाच्या जागी वारसांची नोंद करायचीय. रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेलं. तिथे कमलेश होता, बिल्डरचा माणूस. रतन त्याला म्हणाला, आमच्या तायला लिहिता येत नाही, अंगठा घ्या. मी म्हटलं, पेन दे. आणि चष्मा लावून कागद वाचायला लागले. तुझ्या बाबाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतास. नोंद वगैरे काही नव्हती. ते हक्कसोड होतं. खाडीकडच्या जमिनीतला माझा हक्क मी स्वखुशीने सोडला, असं लिहिलेलं. 'स्वखुशीने' शब्दावर माझं बोट अडकलं.

रतन कानाशी वाकला. ताय, पोरगी परवा चाललीय, घरात कटकट नको. आणि जमीन काय, माहेर तर तुझंच आहे ना. साहेबांनी विचारलं, वाचलंत का, मान्य आहे का. मी हो म्हटलं. कृतिका, मला कुणी फसवलं नाही. वाचून, समजून सही केली. त्या खाचरात मी गुडघाभर चिखलात भात लावलाय, खारं पाणी शिरू नये म्हणून तुझ्या धाकूआजोबांबरोबर बांध घातलाय. तरी केली. नाही म्हटलं असतं तर भाऊबीजेला कुणाला ओवाळलं असतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आठवडाभर तुझं नाव लिहिलं, आणि माझं एकदाच लिहिलं ते तिथे.

शनिवारी तुला सोडायला मीही येणार असं ठरलेलं. मी पहाटेच नवी साडी नेसून बसले. तुझी गादी माझ्या जागेवर ठेवली आणि दर्शना म्हणाली, वन्सं, जागाच नाही हो, तुम्ही पुढच्या वेळी या. गादीची खोळ मीच शिवलेली, तिच्यावर काय रागावणार? गाडी वळली, मग मी रिक्षाने खोपटच्या स्टँडवर गेले आणि कल्याणची एसटी धरली. डब्यात दोन लाडू बांधून द्यायलाही कुणाला सुचलं नाही.

पण पत्र लिहिलं ते माझं रडगाणं ऐकवायला नाही. सही करून बाहेर आले तेव्हा रतन आणि कमलेश जिन्यात बोलत होते. रतन म्हणाला, ही झाली, आता पोरीची राहिली. नवरात्रात अठरा पूर्ण होतात, दिवाळीला आली की घेऊ. कमलेश म्हणाला, ती ऐकेल का? त्यावर तुझा बाबा हसला आणि म्हणाला, आत्याने केली म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणेल. वाडवडिलांच्या जमिनीत तुझाही हिस्सा आहे, तोच सोडवून घ्यायचाय त्यांना. माझं मी घालवलं ते घालवलं, पण माझी सही ते तुझ्यापुढे ठेवतील हे सही करताना ध्यानात आलं नाही. दिवाळीला तुलाही लवकर बोलावतील, चकल्या करायला म्हणून. जा. चकल्या कर. कागद पुढे आला तर शेवटपर्यंत वाच, आणि तुला हवं तेच कर. फक्त आत्याने केली म्हणून करू नकोस. हे पत्र रतनला दाखवावंसं वाटलं तर दाखव. मग भाऊबीजेला मला बोलावणं येणार नाही, ते मी धरूनच चाललेय.

तुझीच विद्यार्थीण,
नंदा आत्या