कस्तुराचे दोन सूर

३ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

तापातून उठलो, पण डावा कान गेला तो गेलाच. उजवा ठीक आहे असं डॉक्टर म्हणतात. माझा मात्र त्याच्यावरचाही विश्वास उडालाय. रोज सकाळी समोरच्या गच्चीवर एक कस्तूर पक्षी गातो. दिसतो एकटाच, पण मला एकाच वेळी दोन सूर ऐकू येतात, एक चढणारा, एक उतरणारा. तुझी वहिनी म्हणते, साधी एक शीळ तर आहे. तीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावले, आता कानच खोटं बोलायला लागला तर कुठल्या तोंडाने काम करू? संगीतशाळेच्या बाईंनी पियानो लावायला बोलावलं होतं, त्यांना नाही म्हणून कळवलं.

तू संग्रहालयात मेलेल्या पाखरांत पेंढा भरणारी, तुला जिवंतांचं काय ठाऊक! तरी विचारतो, एकच पाखरू एका वेळी दोन सूर काढू शकतं का? जेवतेस ना वेळेवर?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
दादा

१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पेंढ्याचा टोमणा पोचला. आता ऐक. काल एक कस्तूर आमच्या खिडकीच्या काचेवर आपटून मेला. इतकी वर्षं कातडं ठेवून आतलं टाकत आले. काल पहिल्यांदा भिंगाखाली श्वासनळी शेवटपर्यंत मोकळी केली. दादा, त्याचा आवाज गळ्यातून येतच नाही रे! नळी छातीत उतरते, तिथे तिला दोन फाटे फुटतात, आणि त्या बेचक्यात मसुरीच्या दाण्याएवढं स्वरयंत्र. दोन्ही फाट्यांना आपापले पातळ पडदे, आपापले स्नायू. संग्रहालयातल्या आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, दोन्ही बाजू एकाच वेळी वेगवेगळे सूर काढतात. माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. एवढंसं यंत्र, आणि अख्खी सकाळ भरून टाकतं!

तुझा कान खरं तेच बोलतोय. वहिनीला सांगू नकोस, पण तिच्या दोन कानांपेक्षा तुझा एक भारी. शाळेत जा.

रागावलास तरी लोभ असू दे.
तुझी बारकी

२ एप्रिल

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तासभर खिडकीत उभा होतो. मग संगीतशाळेच्या बाईंना निरोप धाडला. काल दिवसभर त्यांच्या पियानोशी झटलो. उजवा कान तारांजवळ नेऊन, एकेक सूर तीनतीनदा तपासत. संध्याकाळी बाई नुसत्या वाजवून बघायला बसल्या, त्या अंधार पडेपर्यंत उठल्याच नाहीत. मला हत्यारं आवरायचंही भान राहिलं नाही.

आहेस तशीच राहा, आणि लिहीत राहा.
दादा