गॅलरीतला टब

दादा,

सहाची गाडी आहे, म्हणून तुला उठवलं नाही. ट्रेनिंग चार दिवसांचं आहे.

बाबा गॅलरीतल्या टबात दिवसातून दहादा पाणी घालतील. आधी घातलेलं त्यांना आठवत नाही. ओरडू नकोस. गुलाब असेच कुजले तेव्हा तू त्यांना टाकून बोललास, आणि ते दोन दिवस धड जेवले नाहीत. म्हणून तर मी नाळीची भाजी लावली. ती पाण्यातच वाढते, कितीही घातलं तरी मरत नाही. टब भरला की त्यांची नजर चुकवून दोन मग उपसून टाक.

आज शेंडे खुडून भाजी कर. जेवताना ते विचारतील, ही कोणी वाढवली. "तुम्हीच, बाबा," म्हण. उद्या पुन्हा विचारतील. पहिल्यांदाच सांगतोयस असं सांग.

छोटी