प्लॅस्टिकवर कुंकू बसत नाही

पळसदरी
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

चि. ऋषिकेश,

आईचे आशीर्वाद. रागात असलास तरी घे, हे परत पाठवता येत नाहीत.

आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरा आहेस असं तुझी चुलत बहीण हर्षला सांगते. तिला तुझी जेवायची वेळ माहीत आणि मला नाही, असे दिवस आलेत. असू दे. पत्र बघून हसशील, म्हणशील आईनं हे काय नवीन काढलं. पण फोनवर तू "हं" म्हणतोस आणि ठेवतोस. मेसेज केला तर दोन निळ्या रेघा येतात, पुढे काही येत नाही. कागद हातात घेतला की तू शेवटपर्यंत वाचतोस, हे मला माहीत आहे. लहानपणी किराण्याच्या पुडीचासुद्धा कागद सोडायचा नाहीस.

भात झोडून झालं. यंदा पाऊस दिवाळी झाली तरी हलायचं नाव घेईना, त्यामुळे खालच्या खाचरातलं थोडं भिजलं. वरचं चांगलं आलं. बाबांची रेल्वेची ड्युटी अजून ठाकुरवाडीलाच आहे. गुडघा दुखतो, पण विचारलं तर "काय नाय झालं" एवढंच. धरणावर शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतायत आणि आपली खानावळ बरी चालली आहे. गेल्या रविवारी एवढ्या भाकऱ्या थापल्या की दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना.

पेटी ठीक आहे. तू विचारायच्या आधीच सांगते. आधी कपाटात होती, पण कपाटामागची भिंत ओल धरते. मग माळ्यावर ठेवली, तर तिथे उंदीर. आता माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळून तांदळाच्या कोठीवर ठेवली आहे आणि तिथेही माझं मन लागत नाही. तुझ्या आजारपणातही मी एवढ्या वेळा उठून बघितलं नसेल.

गेल्या शनिवारी ठाण्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं. जमलं नाही.

मध्येच उठावं लागलं. चार जण जेवायला आले, दोघांना पिठलं नको होतं, आणि एकाला भाकरी "जरा पातळ" हवी होती. तांदळाची भाकरी याहून पातळ केली तर तव्यावरून उडून जाईल. असो.

तर पेटी. ती नेमकी काय आहे हे मला अजूनही लोकांना धड सांगता येत नाही. जपानी कार्टूनच्या चकत्या आहेत असं म्हणते. तू असतास तर ओरडला असतास, कार्टून नाही, ॲनिमे म्हण. बारा चकत्या, एक चित्रांची जाड पुस्तिका, आणि अशा जगात हजारच पेट्या काढल्या, त्यातली आपली चारशे बारावी. खोपोलीच्या नोकरीतल्या पहिल्या दोन पगारांतून अठरा हजारांना घेतलीस, तेव्हा बाबा दोन दिवस जेवताना नुसते मान हलवत होते. मग वर्षभरात तिचे साठ झाले. ज्या घरात ती चकती लावायचं यंत्रसुद्धा नाही, त्या घरात ठेवल्या ठेवल्या तिचा भाव वाढत होता. मी तुला विचारलं होतं, बघत कुणी नाही तर पैसे कशाचे? तू म्हणालास, "न उघडण्याचे." झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण मी जन्मभर वापरली, पण नुसत्या झाकण्याचे कुणी रोख पैसे मोजतं हे मला नवीन होतं.

खरं तर मला ते कळायला हवं होतं. मीही भावावरच जगते. तीच भाकरी मंगळवारी वीसची आणि रविवारी तीसची. पुढे बघून येतो म्हणणाऱ्या दहांतले सात तरी परत येतात, कारण पुढे दुसरी खानावळ नाही. आपल्याकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढीच सगळी विद्या. तुझ्या पेटीचंही तेच होतं, फक्त मला वाटलं भाव आतल्या वस्तूला असेल.

खंडेनवमीचं तुला पुन्हा एकदा सांगते, कारण त्या दिवशी तू ऐकून घेतलं नाहीस. पाटावर मी कोयता मांडला, विळा मांडला, बाबांचा हातोडा, माझा तवा. तुझं काय मांडू म्हणून घरभर बघितलं. आदल्याच दिवशी तू म्हणाला होतास, "आई, ह्या पेटीवर माझं पुढचं सगळं हाय." पेटी विकायची, पुण्याच्या चित्रांच्या कोर्सची फी भरायची, सगळं त्या पेटीवर. आता ज्याच्यावर सगळं असतं त्याला आपण काय करतो? हळद-कुंकू लावतो. पण प्लॅस्टिकवर कुंकू बसत नाही. बोट लावलं की ओघळतं. म्हणून विळीनं ते वरचं प्लॅस्टिक अलगद कापलं, घडी घालून बाजूलासुद्धा ठेवलं, आणि झाकणावर ती तलवारवाली पोर आहे ना, सोनेरी केसांची, तिचं कपाळ मोकळं होतं तिथे बोट टेकवलं. मला ती सुरेख दिसली.

तू आलास आणि बघतच राहिलास. मग म्हणालास, "मुद्दाम केलंस. मी जाऊ नये म्हनून मुद्दाम केलंस."

आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेलास. दसऱ्याला ताटात तुझा वाटा तसाच होता.

हर्षलानं मदत केली हो, तिला काही बोलू नकोस. तिनं असल्या पेट्या घेणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. म्हणाली, "काकी, थिनरनं पुसू या, कळनार पन नाय." मी म्हटलं, पोरीच्या कपाळावरचं कुंकू माझ्या हातानं पुसायचं? चित्रातली असली म्हणून काय झालं? ती हसली आणि जे आहे तेच लिहून टाकलं, सील उघडलेलं आहे, झाकणावर कुंकू आहे. लोकांनी काय काय लिहिलं ते तिनं मला वाचून दाखवलं नाही. भाव मात्र सांगितला. पस्तीसच्या वर कुणी जाईना.

आता ठाण्याचं गिऱ्हाईक. त्याचं नाव स्वप्नील, तुझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मुलगी बघायला आल्यासारखा हात धुऊन, पुसून बसला. पेटी उलटी केली, सुलटी केली, बॅटरी लावून कोपरे बघितले. पुस्तिकेची पानं मोजली. कुंकवाजवळ थांबला. मला वाटलं आता हा पंचवीस म्हणणार.

तर म्हणाला, "काकू, मला ही विकायची नाहीये, बघायची आहे. आत सगळं कोरं आहे. पन्नास देतो."

वर लिहिलंय ना, जमलं नाही. ते खरं नाही.

थांब, भात उतू जातोय.

आले. पन्नास म्हणाला, ऋषी. कुंकू धरून पन्नास. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी चहा टाकायला उठले, आणि त्यानं खिशातून फोन काढला. म्हणाला, "तुमच्या मुलाचा नंबर द्या, थेट त्याच्याच खात्यात टाकतो. त्याला कशाला यायला लावता?"

मी चहाचं भांडं हातात धरून उभीच राहिले. आता ही पेटी याच्या गाडीत जाणार, पैसे तिकडे तुझ्या फोनमध्ये वाजणार, आणि ह्या घरात तुझं एक जुनी चादर सोडली तर काही उरणार नाही. रागावून गेलास तरी तू दोन दिवसांआड फोन करायचास तो पेटीसाठी. "पेटी ठीक हाय ना? ओल नाय ना लागली?" एवढंच विचारायचास. मी "ठीक हाय" म्हणायचे, आणि मनात धरायचे की माझंच विचारलंस. पेटी विकली गेली तर तू फोन तरी कशाला करशील?

मी म्हटलं, "पंच्याहत्तर."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते. मी म्हटलं, "घ्यायची तर घ्या, नायतर ऱ्हाऊ दे." बिचारा चहा न पिता गेला. रविवारी परत त्याचाच फोन. "काकू, पंचावन्न." मी म्हटलं, पंच्याहत्तर. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "येड लागलं का गं तुला? पोराची फी भरून व्हईल त्याच्यात." मी म्हटलं, थांबलं की भाव वाढतो, तुमाला काय कळतंय त्यातलं. त्यांना सगळं कळलं होतं, तेवढं मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

मंगळवारी हर्षला धावत आली. कंपनीनं तीच पेटी पुन्हा काढायचं जाहीर केलंय, हजारांची अट काढून टाकली, कितीही निघतील, नवी कोरी पंधरा हजारांना. आपल्या पेटीला आता आठ-नऊ मिळाले तर देव पावला. स्वप्नीलला मीच फोन लावला. लाज सोडून लावला. म्हणाला, "काकू, आता मी नवीनच बुक केली." चांगल्या शब्दांत म्हणाला.

ही बातमी तुला माझ्या आधी कळली असणार. मंगळवारपासून तुझा फोन नाही.

बाबा म्हणतात, "यील गं. भूक लागली की यील." मी म्हटलं, भूक त्याला पुण्यातबी लागते, तितं हाटेलं हायेत. पण दुपारपासून माझं एका जागी बूड टिकत नाही. भाकरी थापायला बसते आणि रस्त्यावर रिक्षा थांबली की पिठाच्या हातानं उठते. म्हणून हे लिहून टाकते आहे, जेवढं आहे तेवढं.

खंडेनवमीचं मुद्दाम नव्हतं. देवाची शपथ घेऊन सांगते. ते माझं अज्ञान होतं, आणि थोडं कौतुक होतं. पण गेल्या शनिवारचं मुद्दाम होतं. तू माझ्यावर खोटा आळ घेतलास म्हणून मी महिनाभर धुसफुसले, रडले, आणि मग स्वतःच उठून तो आळ खरा केला. तू तिकडे फीचे हप्ते फेडण्यासाठी सुट्टीच्या दिवशीही काम करतोस, हे मला माहीत होतं. माहीत असून मी पंच्याहत्तर म्हटलं. ह्याबद्दल तुला जे बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन, मध्ये तोंड घालणार नाही. म्हणजे प्रयत्न करीन.

वर एक ओळ खोडली आहे, ती वाचायचा प्रयत्न करू नकोस. तरी करशील, म्हणून सांगते. "पेटी न्यायला तरी ये" असं लिहिलं होतं. लिहून झाल्यावर कळलं, बघ, परत तेच करते आहे. गळाला लावल्यासारखी पेटी धरून बसले आहे, आणि तूही काही मासा नाहीस.

तेव्हा पेटी पाठवते आहे. हर्षला सोमवारी परीक्षेसाठी पुण्याला येते आहे, तिच्या हाती देते. शालू काढून घेतलाय, जुन्या साडीत गुंडाळली आहे. हे पत्र आत, पुस्तिकेच्या वर ठेवते. कापलेलं प्लॅस्टिकही आहे, का ठेवलं मलाही माहीत नाही. तुझ्या खोलीवरच्या मित्राकडे ते यंत्र आहे म्हणे. सील गेलंय, भाव गेलाय, आता राखून तरी काय ठेवायचं? बघून टाक. आणि त्या पोरीचं पुढे काय होतं ते मला सांग. एवढी मोठी तलवार घेऊन ती कुणावर चालून जाते, की नुसतीच उभी राहते, हे मला कधीचं विचारायचं होतं.

नवे तांदूळ पुढच्या आठवड्यात गिरणीतून येतील. हे आमिष नाही, बातमी आहे.

सोमवारनंतर ह्या घरात तुझं काहीही अडकून राहणार नाही. तुला यायला काही कारण उरलेलं नाही.

तरी ये.

हे पत्र मुद्दाम लिहिणारी,
तुझी आई